धुराड्यातली भट्टी

डिसेंबरात कॅनडातून भाच्याचा फोन आला. बर्फाच्या वादळाने त्यांच्याकडे दोन दिवस वीज नव्हती, आणि वीज नसल्यामुळे घर तापवणारी यंत्रणाही बंद पडली होती. "मामा, दिवाणखान्यात गॅसची शेकोटी आहे, पण ती नुसती शोभेची. गॅसची नळी काढून तिच्यात लाकडं जाळली तर? परसात सरपण हवं तेवढं आहे." मी म्हटलं, आधी कॅमेरा फिरव आणि धूर कुठून बाहेर जातो ते दाखव.

काचेआड ओंडके होते, साल आणि गाठींसकट हुबेहूब, पण सिरॅमिकचे. त्यांच्यामधून पिवळी ज्योत वर येत होती. हा पिवळा रंग मुद्दाम आणलेला असतो. बर्नरला हवा थोडी कमी दिली की ज्योतीत काजळीचे कण तयार होतात आणि ते तापून पिवळे चमकतात. मग भाचा अंगणात गेला. भिंतीला कमरेच्या उंचीवर जाळीचं एक टोपण होतं, छपरावर काहीच नव्हतं. या प्रकारात एकात एक अशा दोन नळ्या असतात. आतलीतून जळालेला वायू बाहेर जातो, बाहेरचीतून ताजी हवा आत येते. गॅसला तेवढं पुरतं.

लाकडाला ते का पुरत नाही, हे सांगताना मला गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली काजूच्या दारूची भट्टी आठवली. लहानपणी मार्च-एप्रिलात आमच्याकडे भट्टी लागायची. आंबलेला रस भाणात, म्हणजे मोठ्या भांड्यात, उकळायचा, वाफ नळीतून लावणीत, म्हणजे दारू गोळा करणाऱ्या मडक्यात, जायची आणि लावणीवर सतत गार पाणी ओतायचं काम आम्हा पोरांचं. पाणी गार असलं की लावणीत वाफेचं पाणी होऊन हुर्राक, म्हणजे पहिल्या धारेची दारू, साठायचा. पाणी तापलं आणि आमचं लक्ष नसलं, की वाफ तशीच निसटायची आणि मोठ्यांची बोलणी बसायची. वाफेला गार भिंत भेटली की ती द्रव होते, हे मी तिथे शिकलो.

लाकडाच्या आगीतही असंच ऊर्ध्वपातन, म्हणजे वाफ करून ती पुन्हा थिजवणं, चालतं. लाकूड थेट पेटत नाही. आधी त्यातलं पाणी उडतं. मग साधारण 250 अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे मोठे रेणू तुटू लागतात आणि त्यांतून ज्वलनशील वाफा निघतात. आपल्याला दिसते ती ज्योत या वाफांची. शेवटी उरतो तो कोळसा, तो ज्योतीविना लाल धगधगतो. मधल्या टप्प्यातल्या वाफांत मिथेनॉल, ॲसेटिक आम्ल, फिनॉल आणि डांबरासारखे जड पदार्थ असतात. पूर्वी मिथेनॉल काढायचं ते बंद भांड्यात लाकूड तापवूनच. आग पुरेशी तापलेली असली आणि हवा भरपूर मिळाली, तर या वाफा जळून जातात. आग मंद पडली, की त्या न जळताच धुराड्यात शिरतात. तिथे भिंत 120 अंशांच्या खाली असेल तर धुराडं म्हणजेच लावणी. वाफा भिंतीवर थिजतात, आधी चिकट आणि मग काळ्या लाखेसारखा चकाकणारा थर बसतो. त्याला क्रिओसोट म्हणतात, आणि ते उत्तम इंधन आहे. एखाद्या दिवशी आग जोरात पेटली की हा थरच पेट घेतो आणि धुराड्यातलं तापमान 1100 अंशांवर जाऊ शकतं. गॅससाठीच्या साध्या धुरनळीचं आतलं अस्तर बहुधा ॲल्युमिनियमचं असतं. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं.

दुसरी गोष्ट ओढीची. धूर आपणहून वर चढत नाही, बाहेरची जड हवा त्याला वर ढकलते. हा दाब काढायला घनतेतला फरक, गुरुत्वत्वरण आणि धुराड्याची उंची यांचा गुणाकार करायचा. बाहेर 0 अंश असताना हवेची घनता घनमीटरला 1.29 किलो असते, धुराड्यात 200 अंश असताना साधारण 0.75. उंची 6 मीटर धरली तर ओढ येते सुमारे 32 पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा तीन हजारावा हिस्सा. धूर 60 अंशांपर्यंत निवला तर ती 14 पास्कलवर येते. भाच्याच्या आडव्या नळीत उंचीच नाही, म्हणजे गुणाकार जवळजवळ शून्य आणि धूर खोलीत. आपल्याकडच्या जुन्या घरांत धुराडं नसलं तरी चालायचं, कारण धूर मंगलोरी कौलांच्या फटींतून निघून जायचा. थंडीसाठी घट्ट बंद केलेल्या घरात तशा फटी नसतात.

इथे एक सांगायलाच हवं. होमाच्या, गोवरीच्या धुराने घरातली हवा शुद्ध होते असे संदेश सतत फिरत असतात. होम जरूर करा, पण दारं-खिडक्या उघड्या ठेवून. हेतू कितीही पवित्र असला तरी धुरातले 2.5 मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसात खोल उतरतात, आणि कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत शेगडी लावून झोपलेली माणसं उठत नाहीत ती त्याच्यामुळे.

मग करायचं काय? काही जुन्या घरांत मूळची विटांची, लाकडासाठीच बांधलेली शेकोटी असते आणि गॅसचे ओंडके तिच्यात नंतर ठेवलेले असतात. तिथे परत फिरता येतं. जाणकाराकडून गॅसची नळी मुळापाशी बंद करून घ्यायची, धुराडं आतून साफ करून त्याच्या अस्तराला कुठे तडा नाही ना ते तपासून घ्यायचं. कारखान्यात बनलेली गॅसची पेटी असेल, तर तिच्यात लाकूड घालायचंच नाही. शिवाय उघड्या शेकोटीतली जेमतेम 10 टक्के उष्णता खोलीत राहते, कारण ती खोलीतली तापलेली हवाच ओढून बाहेर टाकते. बंद दाराचा चांगला लोखंडी स्टोव्ह 70 टक्क्यांवर जातो.

भाच्याने शेवटी गॅसची शेकोटी होती तशी ठेवली. पलीकडच्या कोपऱ्यात स्टोव्ह बसवून घेतला. त्याची उष्णतारोधक दुहेरी स्टीलची नळी सरळ छपरातून वर काढली आहे, म्हणजे धूर शेवटपर्यंत गरम राहतो. खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे.

राहिलं सरपण. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. असं 5 किलो लाकूड घातलं तर अडीच किलो पाण्याची वाफ करण्यातच उष्णतेचा सुमारे सातवा हिस्सा जातो. त्याहून वाईट म्हणजे आग गार पडते आणि वर सांगितलेली भट्टी लागते. म्हणून ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. मी त्याला ओंडका फोडून आतल्या बाजूला ओलावा मोजायचं मीटर टोचायला सांगितलं, कारण बाहेरून तो नेहमीच सुका दिसतो. काल त्याने फोटो पाठवला. आकडा 31 होता. ती रास आता पावसापासून झाकून, बाजू उघड्या ठेवून पुढच्या हिवाळ्यासाठी रचली आहे.