मशीन बसवण्याआधी आम्ही तुमची खोकी का मोजतो?

"आगाऊ रक्कम दिली, मग कन्व्हेयर कधी येणार?" गोदामात खोकी पुढे सरकवणारा कन्व्हेयर बसवायचं काम आम्हाला दिलं, की पहिल्या पंधरवड्यात जवळपास प्रत्येक ग्राहकाचा हा फोन येतो. त्या वेळी आमची दोन माणसं मोजपट्टी आणि वजनकाटा घेऊन तुमच्या रॅकमधून फिरत असतात आणि तुम्हाला वाटतं, अजून कामाला हातच लागला नाही. म्हणून हे पत्रक.

स्कॅनर, कन्व्हेयर, स्टॉकचं सॉफ्टवेअर ही सगळी मंडळी एकाच यादीवर विसंबून चालतात, ती म्हणजे आयटम मास्टर. मालाचं माप, वजन, पेटीत किती नग, बारकोड कोणता. यातही सगळ्यात जास्त घोळ होतो तो नग आणि पेटी यांचा.

एका ग्राहकाकडे 12 पेट्या आल्या, प्रत्येकीत 24 नग. आवक नोंदवताना एककाच्या रकान्यात 'नग' तसंच राहून गेलं आणि 288 ऐवजी 12 नग जमा झाले. सिस्टीमने लगेच 'साठा संपत आला' अशी सूचना काढली, खरेदी विभागाने ऑर्डर टाकली, आणि नवा माल दारात आला तेव्हा ठेवायला कप्पा नव्हता. आम्ही दोन दिवस सॉफ्टवेअर उलटंपालटं करून पाहिलं. चूक त्या एका रकान्यात होती.

याचं मूळ बहुतेकदा लेबलात असतं. नगावर सहसा 13 अंकी बारकोड असतो. अनेक गोदामांत त्याचीच प्रत काढून बाहेरच्या पेटीवर चिकटवतात. मग स्कॅनरने पेटी आणि नग ओळखायचे कसे? पेटीला 14 अंकी वेगळा कोड देता येतो, त्यातला पहिला अंक पॅकिंगची पातळी सांगतो. मात्र जुन्या कोडपुढे नुसता 1 लिहून भागत नाही. शेवटचा अंक आधीच्या सगळ्या अंकांवरून काढलेला असतो, त्यामुळे तोही बदलतो. ही लेबलं आम्ही छापून देतो, ती कृपया हाताने करू नका.

मापांचंही तसंच. रोलर कन्व्हेयरवर, म्हणजे फिरत्या दांड्यांवरून (रोलर) खोकी सरकतात त्यावर, खोक्याखाली कुठल्याही क्षणी किमान तीन रोलर असावे लागतात. तुमचं सर्वांत लहान खोकं 240 मिमी लांब असेल, तर दोन रोलरमधलं अंतर 80 मिमीच्या वर नेता येत नाही. यादीत 300 लिहून आलं आणि आम्ही 100 मिमी अंतरावर रोलर लावले, तर ते खोकं पुढून झुकतं, अडकतं आणि मागची सगळी रांग थांबते. कॅटलॉगमधलं माप म्हणूनच आम्ही धरत नाही. खोकं भरून, टेप लावून मोजतो, कारण भरल्यावर त्याचं पोट फुगतं.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो. प्रत्येक गोदामाला कन्व्हेयर लागतोच असं नाही. ऑर्डरप्रमाणे कप्प्यांतून माल वेचणाऱ्या माणसाचा फार मोठा वेळ चालण्यातच जातो. मोजणीबरोबर आम्ही कोणता माल किती वेळा निघतो हेही पाहतो. सतत निघणारा माल माल बाहेर पाठवायच्या (डिस्पॅचच्या) दाराजवळ, कमरेच्या उंचीच्या कप्प्यांत आणला आणि प्रत्येक कप्प्याला पत्ता दिला, की पुष्कळ फेऱ्या वाचतात. एवढ्यावर काम भागत असेल, तर कन्व्हेयर पुढे ढकला असं आम्हीच सांगतो, आणि काही ग्राहकांना सांगितलंही आहे.

मोजणीच्या दिवसांत तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. माल ओळखणारा एक जुना माणूस आमच्यासोबत द्या, आणि ज्या रांगेची मोजणी चालू आहे तिथला माल त्या दिवशी हलवू नका. तयार झालेली यादी तुमची असते. यंत्रं पुढे आमच्याकडून घेतली नाहीत तरी ती तुमच्याकडेच राहते.