पेठेतलं कापड दुकान बंद होतं तेव्हा

तालुक्याच्या पेठेत 'दुकान कायमचे बंद करणे आहे, सर्व माल निम्म्या भावात' असा फलक लागला की ऑनलाइन खरेदीला दोष देऊन लोक मोकळे होतात. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. पश्चिम महाराष्ट्रात तीन-तीन पिढ्या चाललेली ही दुकानं कापडापेक्षा उधारीवर उभी होती, आणि त्या उधारीला जुना, काहीसा कडू इतिहास आहे.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी दुकानदारांना घेरलं. त्यांना हव्या होत्या त्या वह्या आणि कर्जरोखे. ते जाळले गेले, धान्याची दुकानंही लुटली गेली. गावात सावकार आणि दुकानदार बहुधा एकच माणूस असे. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरलं. सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्याने रोख्यावरच्या आकड्यामागचा मूळ व्यवहार तपासायची मुभा कोर्टाला मिळाली. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने व्याजाने पैसे द्यायला परवाना लागू लागला. कापड उधार देणं मात्र सुरूच राहिलं. व्याज वेगळं लिहायची गरजच नसे, ते भावात धरलेलं असे.

या उधारीचा कळस म्हणजे लग्नाचा बस्ता. सकाळी दोन्हीकडची मंडळी पांढऱ्या गादीवर येऊन बसत. नवरीचा शालू, विहिणीचं लुगडं, करवलीची साडी, मामाचा पटका, मग भावकीसाठी टॉवेल-टोप्यांचा ढीग. चहा दोनदा, कधी दुपारचं जेवणही दुकानदाराकडेच. मानपानात कोणाचं काय राहिलं हे घरच्यांआधी मुनिमाच्या ध्यानात येई. संध्याकाळी गठ्ठे बांधले जात आणि हातावर थोडी रक्कम ठेवून बाकी खतावणीत चढे: नाव, गाव, कोणाच्या ओळखीचा. फेड शेतमाल बाजारात गेल्यावर. दुकानदाराला कोणाच्या रानात काय पिकलं हे ठाऊक असावंच लागे. (या भिडेचा फायदा घेऊन शेतकऱ्याचा माल पडेल भावात घेणारे दुकानदारही यात असत, ते विसरू नये.) लक्ष्मीपूजनाला नवी वही पुजली जाई आणि जुनी बाकी तिच्यात ओढली जाई.

महायुद्धात, १९४३ च्या आदेशाने, कापडावर नियंत्रण आलं. दुकानदाराची पत तेव्हा एकदम वाढली आणि काळ्या बाजाराने बदनामीही झाली. १९५७ पासून कापडावर राज्याच्या विक्रीकराऐवजी केंद्राचं अतिरिक्त उत्पादन शुल्क लागू झालं. ते गिरणीच्या पातळीवरच वसूल होई, त्यामुळे पेठेतला कापडवाला पुढची कितीतरी वर्षं कराच्या कागदांपासून जवळजवळ मुक्त होता. ही सवय त्याला पुढे महागात पडली.

गिऱ्हाईक सुटायला सुरुवात झाली ती मात्र ऐन भरभराटीच्या काळात. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, मागून इतर आले. उसाचं बिल सोसायटी आणि बँकेमार्फत मिळू लागलं. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँकांच्या शाखाही तालुक्यापर्यंत आल्या. ज्याच्या हातात रोकड आली तो वहीतून सुटला, आणि सगळ्यात आधी सुटला तो चांगला गिऱ्हाईक. त्याने जीपने जाऊन पुण्याला किंवा कोल्हापूरला बस्ता बांधला. वहीत राहिले ते वसूल होणं अवघड असलेले.

त्यात टेरिकॉट, म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्र कापड, आलं आणि मागोमाग तयार कपडे. ओसरीवर मशीन टाकून बसलेला शिंपी गेला, तसं त्याच्यासाठी कापड फाडून घेणारं गिऱ्हाईकही गेलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अनेक गिरण्या नंतर सावरल्याच नाहीत. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीचा यंत्रमागाचा माल आठवडी बाजारात पालावर मिळू लागला. अमक्या गिरणीचं कापड आमच्याकडेच, असं सांगायची सोय उरली नाही.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा रद्द झाल्या, त्या लग्नसराईच्या तोंडावर. १ जुलै २०१७ पासून कापडावर ५ टक्के जीएसटी आला. त्याविरुद्ध सुरतचे व्यापारी संपावर गेले. छोट्या दुकानाला उलाढालीच्या मर्यादेमुळे नोंदणीची सक्ती नव्हती, तरी पक्क्या बिलाशिवाय माल मिळणं कठीण झालं. २०२० ची टाळेबंदी तर थेट उन्हाळी लग्नांवरच आली.

हे सगळं सोसूनही काही दुकानं टिकली, आणि त्यात भाड्याचा वाटा मोठा आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी जवळपास गोठवली होती. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानेही वर्षाला ४ टक्क्यांचीच वाढ दिली. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत त्या जागेत धंदा करणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जातो, तसा कोणी नसेल तर वारसाकडे. पण मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर धंदा पुढे चालवायला कोणी नसतं. म्हणून बरेच जण, वडील गादीवर आहेत तोवरच, जागेच्या मालकाशी बोलून घेतात: जागा खाली करायची, बदल्यात ठरेल ती रक्कम घ्यायची. पेठेतल्या जागेला आज जो भाव आहे, त्यात ही रक्कम कापडाच्या कित्येक वर्षांच्या नफ्याहून मोठी ठरू शकते. निम्म्या भावाचा फलक त्यानंतर लागतो.