सहा फ्रँकचा आरसा

घरात सगळेच गाणारे असले की एखाद्याची पंचाईत होते. गाणारा घसा पुढे आरशात पाहणाऱ्या मानुएल गार्सियाची झाली. वडील स्पेनचे नावाजलेले टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे गायक. 1816 मध्ये रोझिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’ हा ऑपेरा रोममध्ये पहिल्यांदा झाला, तेव्हा त्यातला काउंट त्यांनीच गायला होता. धाकट्या बहिणी मारिया मालिब्रान आणि पोलिन व्हियार्दो. दोघींनी पुढे युरोप गाजवला. 1825 मध्ये वडिलांनी बायकोमुलांसकट एक मंडळी जमवली, जहाजात बसवली आणि थेट न्यूयॉर्क गाठलं. 29 नोव्हेंबरला तिथल्या पार्क थिएटरात त्या शहराने पहिल्यांदाच इटालियन भाषेतला अख्खा ऑपेरा ऐकला. खेळ तोच, न्हाव्याचा. बाप काउंट, 17 वर्षांची मारिया नायिका आणि 20 वर्षांचा मानुएल फिगारो न्हावी.

तिथून मंडळी मेक्सिकोला गेली. प्रयोगावर प्रयोग, आणि गळा अजून कच्चा. तो काही वर्षांतच गेला. पंचविशीत मानुएलने रंगभूमी सोडली आणि 1830 मध्ये फ्रेंच फौजेबरोबर चक्क अल्जीरियाला निघून गेला. परत आल्यावर त्याने पॅरिसच्या लष्करी इस्पितळांत काम धरलं आणि तिथे शरीररचना शिकायला लागला. शरीररचना म्हणजे त्याच्या लेखी एकच गोष्ट : स्वरयंत्र. कोंबडी, मेंढी, गाय, ज्याचा मिळेल त्याचा घसा तो घरी आणायचा आणि त्यात भात्याने हवा फुंकून आवाज निघतो का ते पाहायचा, असं त्याच्या एका शिष्याने लिहून ठेवलंय. घरच्यांचं काय होत असेल, कोण जाणे!

इथे आपल्या ‘स्वरतंतू’ या शब्दाबद्दल एक तक्रार नोंदवतो. तंतू म्हटलं की तंबोऱ्याची तार डोळ्यांपुढे येते. ही चूक मराठीची नाही. 1741 मध्ये फेरँ नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने या भागांना तारा म्हटलं. त्याच्या कल्पनेत श्वास हा व्हायोलिनचा गज होता. प्रत्यक्षात तिथे तार नाही. श्वासनलिकेच्या तोंडाशी ओलसर त्वचेच्या दोन घड्या समोरासमोर असतात, मोठ्या माणसात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या. श्वास घेताना त्या मागच्या बाजूने फाकतात आणि मध्ये त्रिकोणी फट पडते. गाताना त्या मिटतात. खालून फुफ्फुसांतली हवा दाब देते, घड्या उघडतात, हवेचा एक झोत निसटतो, आणि घड्यांचा ताण व वाहत्या हवेमुळे कमी झालेला दाब मिळून त्यांना पुन्हा मिटवतात. पुन्हा दाब, पुन्हा झोत. काळी एकच्या षड्जावर पुरुषाचा गळा हे सेकंदाला सुमारे 140 वेळा करतो. ऑपेरातली सोप्रानो, म्हणजे सर्वात उंच पट्टीची गायिका, वरच्या टिपेला पोचते तेव्हा हजाराहून जास्त वेळा. आवाज म्हणजे हे हवेचे तुकडे. घसा, तोंड आणि नाक त्यांना रंग देतात.

यातला झोतांचा भाग गार्सियाला उमगला होता. 1840 मध्ये त्याने मानवी आवाजावरचा प्रबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. पण मेलेला घसा गात नाही, आणि गाणारा घसा आतून कुणी पाहू देत नाही. अडचण ही होती.

तोवर तो गाणं शिकवून पोट भरत होता, आणि शिकवण्यात बापालाही मागे टाकेल असा निघाला. (आपल्याकडे असता तर सगळे त्याला गार्सियाबुवा म्हणाले असते.) 1841 मध्ये स्टॉकहोमहून जेनी लिंड नावाची 20 वर्षांची गायिका त्याच्याकडे आली. सतत मोठ्या भूमिका गाऊन तिचा आवाज फाटला होता. त्याने ऐकलं आणि सांगितलं, तुझ्याकडे आवाज उरलेलाच नाही. मग सहा आठवडे गाणं बंद, बोलणंही शक्य तितकं कमी. ती रडली, पण तिने पाळलं, परत आली आणि तिचे धडे सुरू झाले. काही वर्षांत लोक तिला स्वीडनची कोकिळा म्हणू लागले. तिच्या घशात नेमकं काय झालं होतं ते कुणी पाहिलं नाही, पाहण्याचं साधनच नव्हतं. पण घड्या एकमेकींवर आपटून आपटून सुजतात, हे आज ठाऊक आहे. सुजलेली घडी नीट मिटत नाही, फटीतून हवा गळते आणि आवाज खरखरतो. मग गाणारा आणखी जोर लावतो, तिथेच घात होतो. मौनाने सूज उतरते. गुरूला कान होते, तेवढ्यावर त्याने ओळखलं.

1854 च्या सप्टेंबरात सुट्टीवर पॅरिसला आलेला गार्सिया पाले रोयाल भागात फिरत होता. तोवर तो लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकवत होता, वय 49. डोक्यात तोच जुना किडा. खिडकीच्या काचेवर ऊन चमकलं आणि एकदम दोन आरसे त्याच्या डोळ्यांपुढे आले. तो तडक शारिएर या उपकरणं बनवणाऱ्याच्या दुकानात गेला. लांब दांड्याचा, दंतवैद्यांसाठी केलेला पण कुणी न विचारलेला एक छोटा आरसा तिथे पडून होता. सहा फ्रँकला घेतला.

घरी आल्यावर त्याने आरसा गरम पाण्यात धरला, नाहीतर श्वासाने तो धुरकटतो. नीट पुसून पडजिभेला टेकवून तिरपा धरला. दुसऱ्या हातातल्या आरशाने उन्हाची तिरीप घशात सोडली. आडवा आलेला प्रकाश तिरप्या आरशावर आपटून खाली वळतो आणि खालचं चित्र त्याच वाटेने वर येतं. पाणबुडीच्या पेरिस्कोपचीच ही युक्ती. फट उघडी दिसली, इतकी की श्वासनलिकेचाही थोडा भाग दिसला. मग तो गायला. घड्या मिटताना आणि थरथरताना त्याला दिसल्या. त्यांच्या वर घड्यांची आणखी एक जोडी असते, ती आवाज काढत नाही, हेही तिथेच ठरलं. अशा जागी आरसा टेकवला तर कुणालाही उमासे येतात. पण वर्षानुवर्षं घसा मोकळा सोडायची सवय असलेला माणूसच त्या दिवशी हातात आरसा धरून होता. शोध गायकाला लागला यात नशिबापेक्षा रियाजाचा वाटा मोठा, असं मला वाटतं.

गळ्यात डोकावण्याचे प्रयत्न आधीही झाले होते; लंडनच्या बॅबिंग्टन या डॉक्टरने 1829 मध्ये आरशाचंच उपकरण केलं होतं. पण गाणारा, जिवंत घसा पाहून त्याचं कार्य मांडलं ते गार्सियाने. 1855 मध्ये त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेत वाचला गेला. डॉक्टरांनी विशेष दखल घेतली नाही. दोनेक वर्षांनी व्हिएन्नात ट्युर्क या डॉक्टरने रुग्णांवर असा आरसा वापरून पाहिला, पण हिवाळ्यात ऊन गेलं आणि त्याने तो बाजूला ठेवला. चेरमाक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तेच आरसे उसने घेतले, उन्हाऐवजी दिवा लावला आणि मधोमध भोक असलेला अंतर्वक्र आरसा वापरला. कपाळावर गोल आरसा बांधलेला डॉक्टर चित्रांतून दिसतो, त्याची वंशावळ इथपर्यंत जाते. मग आधी कोण यावरून दोघांत रीतसर भांडण जुंपलं. गार्सिया त्यात पडला नाही.

डॉक्टर तो झाला, पण मानद : 1862 मध्ये क्योनिग्सबर्ग विद्यापीठाकडून. घशातल्या गाठी आणि कर्करोग डोळ्यांनी दिसू लागले ते या आरशामुळे. गाणाऱ्यांना मात्र त्याचा थेट उपयोग कमीच. आरशात घडी दिसली म्हणून ती हुकमाने हलवता येत नाही. वर्गात गार्सिया 1895 पर्यंत शिकवत राहिला.

17 मार्च 1905 ला त्याला शंभर वर्षं पूर्ण झाली. लंडनमध्ये देशोदेशींचे घशाचे डॉक्टर जमले. इंग्लंडच्या राजाने मानाचा किताब दिला, जर्मनीच्या कैसरने विज्ञानाचं सुवर्णपदक पाठवलं, चित्रकार सार्जंटने त्याचं व्यक्तिचित्र रंगवलं. पुढच्या वर्षी 1 जुलैला, 101 व्या वर्षी तो गेला. पॅरिसमध्ये त्याची धाकटी बहीण पोलिन अजून हयात होती.