थर आणि कच्छ: वाळवंटी जनावरांच्या जातींची नोंद कशी झाली

कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशातील म्हैस २०१० मध्ये देशातील ११वी अधिकृत म्हैसजात म्हणून नोंदली गेली. म्हैस अर्थातच नवी नव्हती. मालधारी पशुपालक ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आले होते आणि तिची ओळख त्यांना पक्की होती: वर वळून दुहेरी वेटोळे घेणारी शिंगे, काळा रंग आणि विशेष म्हणजे रात्री चरण्याची सवय. बन्नीतल्या उन्हाळ्यात दिवसा म्हशीला बाहेर काढणे म्हणजे तिला भाजून काढणे, म्हणून संध्याकाळ कलली की कळप गुराख्याशिवाय रानात निघतो, रात्रभर काही कोस चरतो आणि पहाटे धार काढायच्या वेळेला आपणहून वाड्यावर परततो. सरकारी कागदात मात्र तोवर या म्हशीला स्वतंत्र नाव नव्हते. हे नाव मिळवण्यासाठी मालधाऱ्यांनी स्वतः पाठपुरावा केला, आणि म्हणूनच ही घटना भारतातील कोरड्या प्रदेशाच्या पशुधनाच्या इतिहासात महत्त्वाची ठरते. तोपर्यंत जात ठरवण्याचे काम बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या माणसांनी, त्यांच्या गरजेपुरतेच केलेले होते.

भारतातील उष्ण शुष्क पट्टा सुमारे ३.२ लाख चौरस किलोमीटरचा आहे. त्याचा साठ टक्क्यांहून अधिक भाग राजस्थानात आणि सुमारे पाचवा हिस्सा गुजरातेत येतो. थारपारकर, राठी, कांकरेज आणि नागौरी ही गुरे, मारवाडी, जैसलमेरी, मगरा, चोकला, नाली, पूगल या मेंढ्या, मारवाडी शेळी, बिकानेरी, जैसलमेरी आणि कच्छी उंट अशी दाट वस्ती या एवढ्या रुक्ष मुलखात कशी झाली, याचे उत्तर हवामानाइतकेच पशुपालकांच्या रिवाजांत आहे. राजस्थानातील राईका समाजाचा उंटांविषयीचा जुना दंडक असा, की सांडणी, म्हणजे मादी उंट, समाजाबाहेर विकायची नाही, उंट कापायचा नाही आणि दूधही विकायचे नाही. नर मात्र ओझ्यासाठी आणि गाडीसाठी बाजारात जायचे. माद्या घरातच राहिल्यामुळे कळपाचा वंश आईच्या बाजूने मोजता येई, आणि कोणती सांडणी कोणाच्या पोटची, तिची आजी कशी होती, हे राईका तोंडपाठ सांगत. पैदाशीचा नर निवडताना या स्मरणातल्या वंशावळीचाच आधार असे. आधुनिक पशुपैदास ज्याला बंदिस्त समूह, म्हणजे बाहेरचे रक्त न मिसळलेला कळप, म्हणते, तो इथे धर्म आणि लोकाचार यांनी बांधलेला होता.

वसाहतकाळातील सरकारचे लक्ष या जनावरांकडे वळले ते प्रामुख्याने लष्कराच्या गरजेतून. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांच्या गंगा रिसाला या उंटदळाचे उंट पहिल्या महायुद्धात सुएझच्या परिसरात लढाईत उतरले, आणि त्याच काळात सिंधमधील थारपारकर गायी पश्चिम आशियातील छावण्यांना दूध पुरवण्यासाठी नेण्यात आल्या. जेमतेम चाऱ्यावर, वाळवंटी हवेत या गायी दूध देत राहिल्या, हे तिथे अधिकाऱ्यांच्या नजरेत भरले आणि पुढे सरकारी गोठ्यांमध्ये त्यांचे कळप उभे राहिले. १९२६ ते १९२८ मध्ये शेतीविषयक शाही आयोगाचे काम चालले, १९२९ मध्ये इम्पिरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चची स्थापना झाली, आणि त्या परिषदेचे पशुसंवर्धनतज्ज्ञ कर्नल आर्थर ऑल्व्हर यांनी १९३८ मध्ये महत्त्वाच्या गोजातींचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. कपाळाचा आकार आणि शिंगांची ठेवण पाहून जातींचे गट पाडण्याची पद्धत त्या काळात रूढ झाली. १९५३ मध्ये अन्न व कृषी संघटनेने भारत-पाकिस्तानातील वशिंडाच्या गुरांवर जो ग्रंथ काढला, त्यातही हीच मांडणी पुढे नेलेली दिसते. खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या बाजारात खिल्लारचा खोंड पारखणारा शेतकरीही कपाळ आणि शिंगेच आधी पाहतो, तेव्हा ही पद्धत निखळ साहेबी होती असे म्हणता येत नाही. तिची मर्यादा वेगळीच होती. शिंग मोजता येते. पण तहान सोसण्याची ताकद, काटेरी झुडपावर निभावण्याची सवय किंवा रात्री एकटे चरून परत येण्याची समज कोणत्याही मोजपट्टीत बसत नव्हती.

फाळणीने थारपारकरचे मूळ क्षेत्र दोन देशांत विभागले. ज्या जिल्ह्यावरून या जातीला नाव मिळाले तो पाकिस्तानात गेला. भारताच्या वाट्याला बाडमेर, जैसलमेर, जोधपूरकडचे कळप आणि सरकारी प्रक्षेत्रांवरील जनावरे राहिली. वाळूतून चालणाऱ्या कळपांना सीमा नवी होती, आणि ती पुढच्या युद्धांनंतर जवळजवळ बंदच झाली.

त्यानंतरची तीन दशके संकराची होती. दूध आणि लोकर वाढवायची घाई होती, आणि अन्नटंचाईच्या त्या काळात ती अकारण नव्हती. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत थारपारकर आणि होल्स्टिन फ्रिजियन यांच्या संकरातून करण फ्राइज ही गाय तयार झाली. १९६२ मध्ये राजस्थानातील अविकानगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने बारीक लोकरीच्या परदेशी रॅम्बुले मेंढ्यांचा चोकला आणि मालपुरा मेंढ्यांशी संकर करून अविवस्त्र आणि अविकालीन असे नवे वाण उभे केले. अविवस्त्रसाठी बारीक लोकर हे उद्दिष्ट होते. परंतु बिकानेरच्या बाजारात मगऱ्याच्या चमकदार आणि चोकल्याच्या लोकरीला जी मागणी होती, ती गालिच्यासाठी. मऊ स्वेटरसाठी नव्हे. स्थानिक लोकरीचा खरखरीतपणा हा दोष नसून उपयोगच होता, हे त्या काळच्या धोरणात फारसे उमटले नाही, असे मला वाटते.

दरम्यान पायाखालची जमीनच बदलत होती. इंदिरा गांधी कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले आणि गंगानगर, बिकानेर, जैसलमेरच्या चराऊ पट्ट्यांत पुढे गहू, कापूस आणि हरभरा आला. राठी गायीचे घर मानले जाणारे लूणकरणसर आणि पूगल मेंढीला नाव देणारे पूगल गाव हे दोन्ही या बदलाच्या टापूत येतात. बन्नीत वनखात्याने १९६० च्या दशकात खारेपणा रोखण्यासाठी लावलेल्या विलायती बाभळीने, ज्याला तिथे गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, म्हणतात, गवताची जागा गिळायला सुरुवात केली. ट्रॅक्टर आणि ट्रक आल्यावर उंटगाडीचे काम गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला देशात १० लाखांहून अधिक उंट होते; २०१२ च्या गणनेत ते सुमारे ४ लाख आणि २०१९ मध्ये सुमारे २.५ लाख उरले.

संस्थात्मक उत्तर १९८४ मध्ये आले. त्या वर्षी राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोची स्थापना झाली, जो पुढे कर्नालला स्थिरावला, आणि बिकानेरजवळ जोडबीड येथे उंट संशोधनाचे केंद्रही त्याच वर्षी सुरू झाले. ब्यूरोचे काम नोंद घेणे आणि जतन करणे असे दुहेरी आहे, पण नोंद हेच त्याचे मुळाक्षर. प्रत्यक्षात हे काम पाणवठ्यावर होते. कळप पाण्याला येतो तेव्हा जनावर धरून खांद्यामागून छातीचा घेर टेपने मोजतात, मग खांद्यापाशी उंची, अंगाची लांबी, कानाची व शेपटीची लांबी. रंग, शिंगे, कास, सड टिपतात. मालकाला वेत किती झाली, दूध किती, आटते कधी, चारा कुठला असे विचारत जातात. आणि शेवटी मानेच्या शिरेतून रक्त घेऊन नळी बर्फात ठेवतात. एकेका जनावराला वेळ लागतो आणि दुपारपर्यंत कळप पुन्हा चालू लागलेला असतो. रक्तातील डीएनएवरून जातींमधले अंतर मोजण्यासाठी अन्न व कृषी संघटनेने प्रत्येक प्रजातीसाठी मायक्रोसॅटेलाइट खुणांचा, म्हणजे डीएनएतील पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांचा, संच सुचवला आणि भारतात तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. २०२१ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने देशी गुरांसाठी ‘इंडिगऊ’ ही डीएनएतील ११,४९६ खुणा तपासणारी चिप आणली. अशा तपासण्यांमुळे शुद्धतेचा हट्टही थोडा सैल पडायला हवा. राठी ही साहिवाल, लाल सिंधी आणि थारपारकर यांच्या मिसळणीतून घडलेली मानली जाते, आणि तरीही ती स्वतंत्र जात आहे, कारण तिला घडवणाऱ्यांनी ती वेगळी ठेवली.

जागतिक पातळीवर १९९२ च्या जैवविविधता कराराने पाळीव जनावरांची विविधता ही त्या त्या देशाची संपदा आहे असे मान्य केले. २००७ मध्ये इंटरलाकेन येथे पशु आनुवंशिक संसाधनांसाठीचा पहिला जागतिक कृती आराखडा स्वीकारला गेला, आणि साधारण त्याच सुमारास भारतात जातींच्या अधिकृत नोंदणीची व्यवस्था ब्यूरोकडे सोपवण्यात आली. २०२३ च्या सुरुवातीस नोंदलेल्या जातींची संख्या २१२ झाली होती. या यादीत येणे म्हणजे जात वाचली असे नाही. पण यादीत नसलेले जनावर गणनेत ‘गावठी’ म्हणून जाते आणि त्याच्यासाठी योजना किंवा निधी मागायचा तर नावापासून अडचण येते, हे बन्नीच्या मालधाऱ्यांनी बरोबर हेरले होते. त्यांच्या मागोमाग २०१५ मध्ये कच्छच्या किनाऱ्यावरील खाराई उंटाचीही नोंद झाली. फकीरानी जत आणि रबारी या पशुपालक समाजांचा हा उंट भरतीच्या पाण्यातून पोहत बेटांवर जातो आणि तिवराची पाने खातो. मिठागरे आणि बंदरे वाढून तिवरे तुटली, तर वाळवंटातल्या इतर चाऱ्यावर तो जगेल. मात्र खाराई म्हणून त्याचे जे वेगळेपण नोंदले गेले, ते उरणार नाही.

उंटाच्या बाबतीत कायद्याचा मार्गही अजमावून पाहण्यात आला. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी घोषित केले आणि २०१५ मध्ये उंटाची कत्तल व राज्याबाहेर नेणे यांवर निर्बंध घालणारा कायदा केला. हेतू रक्षणाचा होता, परंतु नर उंट विकून सांडण्या पोसण्याचे राईकांचे जुने गणित याने मोडले, आणि पुष्करच्या बाजारात नराला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. घसरण कायद्याच्या फार आधीपासूनची होती, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी मारणे योग्य नाही. तरी ज्या जनावराचा उपयोग आटत चालला आहे त्याची विक्रीही अवघड केल्यावर ते कोण सांभाळणार, हा पशुपालकांचा प्रश्न रास्त आहे. या वातावरणाची झळ महाराष्ट्रातही दिसली. विदर्भात कच्छी रबारी अनेक वर्षे मेंढ्या आणि उंट घेऊन हिंडतात. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात त्यांचे ५८ उंट कत्तलीसाठी नेले जात असल्याच्या संशयावरून अडवून गोरक्षण संस्थेत ठेवण्यात आले आणि ताब्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. चालत जाणारा कळप हा संशयाचा विषय ठरतो, यातच भटक्या पशुपालनाविषयीचे आपले अज्ञान दिसते.

दुसरीकडे उंटाच्या दुधाला नवा बाजार मिळू लागला आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये त्याचे मानक ठरवले आणि कच्छच्या सरहद डेअरीने संकलन वाढवल्यावर २०१९ मध्ये ते अमूलच्या नावाने बाटलीत आले. दूध न विकण्याचा दंडक इथे मोडला, पण सांडणी ठेवण्याला कारण मिळाले. गायी-म्हशींच्या अनेक जातींचे रेत कर्नालच्या जनुकपेढीत द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवलेले आहे आणि गरज पडल्यास त्यातून वंश पुढे नेता येतो. उंटाचे रेत मात्र इतके चिकट असते की ते पातळ करणे, गोठवणे आणि नंतर त्यातून गर्भधारणा घडवणे अजूनही भरवशाचे झालेले नाही, आणि त्यामुळे त्याच्या जातींसाठी आजही चालता कळप आणि त्याला चरायला मोकळे रान एवढीच पेढी आहे.