धनुर्धर पात्ररचना (कल्पनारम्य आरपीजी)

धनुर्धर पात्ररचना : कल्पनारम्य भूमिका-खेळांत (आरपीजी) धनुष्य किंवा क्रॉसबो हेच मुख्य शस्त्र धरून पात्राचे गुणांक, कौशल्ये व साहित्य ठरवण्याची पद्धत. खेळाडूंच्या बोलण्यात ‘आर्चर बिल्ड’. रेंजर, हंटर, रोग (इं. Rogue), ॲमेझॉन अशा निरनिराळ्या वर्गनामांखाली ती आढळते. म्हणून वर्गाचे नाव आणि रचना यांची गल्लत करू नये. रेंजर असूनही धनुष्याला हात न लावणारी पात्रे पुष्कळ आहेत, आणि साधा योद्धा कित्येकदा अधिक चांगला धनुर्धर ठरतो.

धनुर्धराला इतरांहून वेगळे मिळते ते एकच : शत्रू अंगावर येईपर्यंतचा वेळ. प्रत्येक खेळ या वेळेची किंमत कुठून तरी वसूल करतो. कुठे बाण मोजके असतात, कुठे जवळच्या लक्ष्यावर नेम धरल्यास दंड बसतो, कुठे चिलखत पातळ ठेवावे लागते. ही वसुली कुठे होते ते ओळखून तेवढी कमी करणे, हाच परिणामकारक रचनेचा गाभा होय.

उगम : रेंजर आणि धनुष्य यांची जोडी कोठून आली याविषयी एकमत नाही. प्रचलित मत असे, की ती टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधून (१९५४-५५) आली. या मताला अडचण अशी, की त्या कथेतला रेंजर ॲरागॉर्न मुख्यतः तलवारीने लढतो. धनुष्याची ख्याती आहे ती एल्फ या कल्पित वंशातील लेगोलसची. इथिलियनचे रेंजर धनुष्ये बाळगतात हे खरे, पण ते दुय्यम पात्रांत मोडतात. दुसरे मत रॉबिन हूडच्या लोककथांकडे बोट दाखवते. त्याचे उल्लेख साधारणपणे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सापडतात आणि रानात राहणारा नेमबाज ही प्रतिमा तिथे पुरती तयार आहे. मात्र लोककथेतून प्रतिमा येते, नियम येत नाहीत.

नियमांचा माग काढला तर चित्र निराळे दिसते. गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळात (१९७४) धनुर्धर असा वर्गच नव्हता; त्यामागे १९७१ च्या ‘चेनमेल’ या युद्धखेळाची परंपरा होती, आणि तिथे तिरंदाज म्हणजे सैन्याची तुकडी. रेंजर वर्ग जो फिशर यांनी १९७५ मध्ये ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात मांडला. त्याची वैशिष्ट्ये माग काढणे व राक्षसवर्गीय शत्रूंवर जादा प्रहार ही होती. धनुर्विद्येचा खास लाभ त्यात नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने रेंजरला दोन हातांत दोन शस्त्रे दिली. धनुर्विद्या की दोन शस्त्रे, हा पर्याय रेंजरला वर्गाचा भाग म्हणून मिळाला तो २००३ च्या सुधारित तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधीच ‘बाल्डर्स गेट २’ (२०००) या संगणकीय खेळात रेंजरचा ‘आर्चर’ हा उपप्रकार रूढ झाला होता. ‘डायब्लो’मधील रोग (१९९६) आणि ‘डायब्लो २’मधील ॲमेझॉन (२०००) तर रेंजर नसूनही धनुर्धारी होत्या. तेव्हा ही जोडी पुस्तकांपेक्षा पडद्यावर पक्की झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एल्फांचा धागा मात्र जुना आहे : १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांत एल्फांना धनुष्याच्या नेमात (नेम ठरवणाऱ्या फाशाच्या अंकात) +१ मिळत असे.

हस्तलाघव की बळ : बहुतेक खेळांत बाणाचा नेम, आणि अनेकांत आघातही, डेक्स्टेरिटी (हस्तलाघव) या गुणांकावर अवलंबून असतो. १९७४ च्या मूळ नियमांत डेक्स्टेरिटी १२ च्या वर असल्यास बाण वा फेकायच्या शस्त्राच्या नेमाला +१ आणि ९ च्या खाली असल्यास -१ अशी तरतूद होती. पुढचा सारा संकेत बहुधा याच छोट्या तक्त्यातून वाढला. इतिहास त्याला साक्ष देत नाही. १५४५ मध्ये बुडालेल्या व १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रज युद्धनौकेवरील धनुष्ये ओढण्यास सुमारे १०० ते १८५ पौंड जोर लागत असावा, असा अंदाज आहे. अशी प्रत्यंचा दिवसभर ताणणारा माणूस सडपातळ, चपळ एल्फासारखा खचितच नसणार. तिसऱ्या आवृत्तीने संयुक्त धनुष्याला बळाचा लाभ जोडून थोडी दुरुस्ती केली आणि ‘नेव्हरविंटर नाइट्स’मध्ये (२००२) ‘मायटी’ या गुणधर्मातून ती आली. ‘बाल्डर्स गेट ३’मधील (२०२३) टायटनस्ट्रिंग धनुष्य हा त्याच विचाराचा अलीकडचा नमुना. ते बळाचा लाभही आघातात मिळवते. म्हणून बळ २१ वर नेणारे हिल जायंट एलिक्झर रोज प्यायचे आणि गुण हस्तलाघवावर खर्चायचे, ही युक्ती खेळाडूंत रूढ आहे.

गणित : परिणामकारकतेचा वाद बहुतेक वेळा इथे येऊन थांबतो : थोडे पण जड बाण, की पुष्कळ हलके? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीतील (२०१४) शार्पशूटर या फीटचे (पात्रासाठी निवडून घ्यायच्या खास कौशल्याचे) उदाहरण उद्बोधक आहे. नेमातून ५ वजा करून आघातात १० मिळवण्याची मुभा ती देते. वीस बाजूंच्या फाशावर ५ म्हणजे २५ टक्के. लांब धनुष्य (आघात १ ते ८) आणि हस्तलाघवाचे +४ धरल्यास सरासरी आघात ८.५ होतो. नेम लागण्याची शक्यता ६० टक्के असेल तर साध्या बाणाचे सरासरी फळ ५.१, शार्पशूटरचे सुमारे ६.५. ही शक्यता साधारण ४६ टक्क्यांच्या खाली गेली की साधा बाणच बरा. (क्रिटिकलचा, म्हणजे फाशावर सर्वोच्च अंक पडल्यास मिळणाऱ्या जादा आघाताचा, विचार इथे सोडला आहे, त्याने निष्कर्ष फारसा हलत नाही.) मूळ आघात १५ झाला, तर ही सीमा ६२.५ टक्क्यांवर चढते. म्हणजे ठरावीक अंकाची भर ही हलक्या व पुष्कळ बाणांच्या रचनेला अधिक मानवते. याच कारणाने आर्चरी या युद्धशैलीचा नेमातील +२ हा वरकरणी किरकोळ लाभ शार्पशूटरच्या आधी घ्यावा, असे जाणकार सांगतात. २०२४ च्या नियमपुस्तकातून ही -५/+१० ची अदलाबदल काढून टाकण्यात आली. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये ती कायम आहे.

चिलखताचा नियम बदलला की हेच गणित उलटते. ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’मध्ये (२०१५) चिलखत प्रत्येक आघातातून ठरावीक अंक वजा करते, तिथे भराभर सुटणारे हलके बाण जाड चिलखतावर वाया जातात आणि सावकाश भरली जाणारी आर्केबस ही जुन्या धाटणीची बंदूक सरस ठरते. ‘डायब्लो २’ची गुंतागुंत आणखी वेगळी. तिथे वेग सेकंदाला २५ फ्रेम (पडद्यावरची चित्रे) या हिशेबाने पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. पुढची पायरी गाठली नाही तर वेग वाढवणारी वस्तू घालूनही काहीच फरक पडत नाही. नवख्यांची रचना इथेच फसते. ‘बाल्डर्स गेट’मध्ये (१९९८) धनुष्याला फेरीत मुळातच दोन बाण मिळत, तर तलवारधाऱ्याला आरंभी सहसा एकच वार, त्यामुळे सबंध तुकडीच्या हाती धनुष्ये देणे हा त्या खेळातला सोपा राजमार्ग होता. दुसऱ्या भागात अनेक शत्रूंना कमी प्रतीच्या जादुई शस्त्राची इजाच होत नाही, आणि तिथे मोजला जातो तो बाणाचा जादुई अंश, धनुष्याचा नव्हे. उत्तम धनुष्य विकत घेऊन साधे बाण भरणाऱ्याची त्यामुळे निराशा होते.

अंतर व उंची : तिसऱ्या आवृत्तीत झटापटीत गुंतलेल्या शत्रूवर बाण सोडल्यास नेमात -४ होई. प्रिसाइज शॉट ही फीट तेवढ्यासाठीच. तिच्याआधी पॉइंट ब्लँक शॉट घ्यावीच लागे. ती घेईपर्यंत धनुर्धर अर्धाच. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या (२००४) सुरुवातीच्या काळात हंटरला सुमारे ५ ते ८ यार्डांच्या पट्ट्यात ना बाण सोडता येई ना कुऱ्हाड पोहोचे, प्रतिस्पर्धी तिथेच उभे राहात. शत्रूला झुलवत मागे हटत मारण्याला ‘कायटिंग’ म्हणतात; त्यासाठी पावले मंदावणारे बाण, सापळे वा पुढे तोंड देणारा पाळीव प्राणी लागतो. उंचीला ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये थेट अंक आहे : वरून सोडल्यास नेमात +२, खालून -२. ‘ड्रॅगन्स डॉग्मा’मध्ये (२०१२) अंकापेक्षा राक्षसाच्या अंगावरची नाजूक जागा महत्त्वाची.

लपून नेमबाजी : ‘स्कायरिम’मधील (२०११) ‘स्टेल्थ आर्चर’ हा प्रकार इतका सर्वत्र झाला, की जादूगार म्हणून सुरू केलेले पात्रही शेवटी धनुष्य घेऊन ओणवे चालू लागते, असा विनोद प्रचलित आहे. त्यामागचे कारण अंकांत दिसते. ओव्हरड्रॉ हा पर्क (पात्राची पातळी वाढल्यावर निवडायचा लाभ) पाच पायऱ्यांत आघात दुप्पट करतो. लपून सोडलेल्या बाणाचा दुपटीचा गुणक डेडली एम या पर्कमुळे तिप्पट होतो. दोहोंचा गुणाकार सहा. खंजिराचा गुणक असॅसिन्स ब्लेड या पर्कने पंधरापर्यंत जातो, तरी लोक धनुष्याकडेच वळतात, कारण खंजीर घेऊन चुकले तर लढावे लागते आणि बाण चुकला तर शत्रू थोडा वेळ शोधाशोध करून जागेवर परततो. खेळाने वसुली करायलाच हवी होती ती इथे केली नाही, असेच म्हणावे लागते. ‘मॉरोविंड’मध्ये (२००२) बाण डोळ्यांदेखत लागूनही फासा चुकला म्हणून वाया जाई, त्या मानाने हा दुसऱ्या टोकाचा उदारपणा.

बाण : मोजक्या बाणांचा नियम हळूहळू मागे पडत आहे. ‘रोग’ या जुन्या संगणकीय खेळात (१९८०) पात्राला आरंभीच धनुष्य व मोजके बाण मिळत, आणि धनुष्य हाती न घेता फेकलेला बाण फारसा उपयोगी पडत नसे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने २०१० मध्ये बाण-गोळ्यांचा खर्च रद्द केला, अलीकडच्या अनेक खेळांत साधा भाता अक्षयच असतो आणि हिशेब उरतो तो आग, विष वा स्फोटाच्या खास बाणांचा. जिथे मोजणी शिल्लक आहे तिथे वजनाची मर्यादा पाहून बळाला काही गुण द्यावे लागतात.

एकमेकांविरुद्धच्या ऑनलाइन सामन्यांत नियम दर काही महिन्यांनी बदलत असल्याने तेथील रचना टिकाऊ नसतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये हंटरची किमान अंतराची अट २०१२ मध्ये गेली, आणि २०१६ मध्ये त्याची सर्व्हायव्हल ही शाखा धनुष्य सोडून जवळच्या लढाईकडे वळवण्यात आली.