सावलीचं वजन वाऱ्यात कळतं

मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो, भिंतीच्या आडोशालाही सावली मिळत नाही. त्याच दिवसांत बाणेरला एका काचेच्या इमारतीसमोर बूम लिफ्ट (लांब यांत्रिक हाताच्या टोकाला माणसांसाठी बास्केट असलेलं यंत्र) दिसली. बास्केटमधल्या दोघांनी रेलिंगला काठ्या बांधून वर जुना फ्लेक्स ताणला होता. खाली उतरल्यावर ऑपरेटरला विचारलं, तर म्हणाला, "किलो-दीड किलोचा आहे साहेब, लिफ्टला काय होतंय?"

सावलीची गरज खरीच आहे. उन्हानं भोवळ आलेला माणूस उंचावर असणं हाही धोकाच. पण फ्लेक्सचं वजन मोजून चालत नाही, क्षेत्रफळ मोजावं लागतं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. दोन मीटर बाय दीड मीटरचा, म्हणजे ३ चौरस मीटरचा फ्लेक्स धरा. ताशी १८ किलोमीटरचा वारा समोरून आला, तर रेटा ढोबळमानानं ४ किलोचा. ताशी ३६ ला तो १७ किलो होतो आणि ७२ ला तब्बल ६७ किलो! शिवाय जमिनीपेक्षा वर वारा जास्त असतो, त्यामुळे खाली झाडाचं पानही हलत नसताना वर फ्लेक्स फडफडत असतो.

आता शाळेतला तरफेचा नियम आठवा: बल गुणिले अंतर. १५ मीटर उंचीवरचा १७ किलोचा आडवा रेटा यंत्राला जेवढा उलथवू पाहतो, तेवढंच ८५ किलोचा माणूस आणखी ३ मीटर बाहेर सरकल्यानं होईल. बास्केटचा सेन्सर उभा भार मोजतो, हा आडवा रेटा त्याला नीट कळत नाही. छत आडवं असलं तरी सुटका नाही. किंचित कललं की वारा खालून शिरतो आणि पावसात छत्री उलटते तसं ते उचललं जातं.

बाहेर वापरायच्या बहुतेक लिफ्टवर वाऱ्याची कमाल मर्यादा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, लिहिलेली असते. त्या हिशेबात माणसं धरलेली असतात, तुमचा फ्लेक्स नाही. फक्त इमारतीच्या आत वापरायच्या सिझर लिफ्टची (कात्रीसारख्या दांड्यांवर सरळ वर जाणारी) मर्यादा तर शून्य असते. म्हणून छत हवं तर त्या मॉडेलसाठी उत्पादकानं मान्य केलेलंच लावावं आणि त्यासोबत दिलेली वाऱ्याची मर्यादा पाळावी. त्याचं वजन बास्केटच्या क्षमतेतून वजा करावं. हार्नेसचा, म्हणजे अंगावरच्या सुरक्षा पट्ट्याचा, हूक छताच्या दांडीला कधीच अडकवू नये. आणि वर जाताना छतामुळे डोक्यावरची तुळई किंवा वीजतार दिसत नाही, हे विसरू नये.

त्या लिफ्टला लिंबू-मिरची मात्र न चुकता बांधलेली होती. तिनं वारा थांबत नाही. त्या जागी वाऱ्याचा वेग मोजणारं छोटं ॲनिमोमीटर हवं होतं.

पुण्यात खरी भीती वळवाची. ढगातून पडणाऱ्या पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेत विरतात, हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. हा झोत पावसाच्या आधी पोचतो. दुपारी तीन-चारला ढग काळवंडले आणि अंगाला अचानक गार झुळूक लागली, की पहिल्या थेंबाची वाट न पाहता छत मिटून बास्केट खाली घ्यावी.