फोर्ड सुपर ड्यूटी की रॅम हेवी ड्यूटी: आधी दार उघडा

अमेरिकेत हेवी ड्यूटी पिकअपचा, म्हणजे जड ट्रेलर ओढणाऱ्या मोठ्या पिकअपचा, विषय निघाला की लगेच तट पडतात. एकाच्या तोंडी रॅमचं डिझेल इंजिन 'कमिन्स', दुसऱ्याच्या तोंडी फोर्डचं 'पॉवर स्ट्रोक', आणि अर्ध्या तासात वाद इंजिनावरून कोणाच्या वडिलांनी कुठली गाडी चालवली इथवर घसरतो. (शेव्हरले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा हा तिसरा तट. बिल्ले वेगळे, आतली गाडी एकच. त्यांना आज बाजूला ठेवतो.) फोर्ड आणि रॅम यांची गल्लत व्हायला कारणही आहे. दोन्हींकडे टर्बो डिझेल, तेही नेमकं ६.७ लिटरचं. फोर-व्हील-ड्राइव्ह घेतली तर पुढे दोन्हींना सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड आस. टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, दोन्हींचा हजार पौंड-फुटांच्या वर.

पण बॉनेट उघडलं की सारखेपणा संपतो. फोर्डचं इंजिन व्ही-आठ, रॅममधलं कमिन्स सरळ रेषेतलं सहा सिलिंडरचं. कमिन्स १९८९ पासून डॉजच्या (रॅमचं आधीचं नाव) पिकअपमध्ये बसतंय, आधी ५.९ लिटरचं आणि २००७ पासून ६.७ लिटरचं. ट्रक आणि शेतीच्या यंत्रांच्या घराण्यातलं, इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरही जोराने ओढणारं आणि वजनाला भारी. २०२५ च्या रॅममध्ये ते ४३० अश्वशक्ती आणि १,०७५ पौंड-फूट देतं. फोर्डचं साधं पॉवर स्ट्रोक ४७५ आणि १,०५०, तर हाय आउटपुट ५०० आणि १,२००. कागदावर फोर्ड पुढे आहे, आणि रिकाम्या गाडीत ते जाणवतंही.

जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र नावावर जाऊ नये. 'पॉवर स्ट्रोक' या एकाच नावाखाली वेगवेगळी इंजिनं विकली गेली. २०१० पर्यंतची नॅव्हिस्टार या ट्रक-इंजिन कंपनीने बनवलेली. त्यातलं २००३ ते २००७ चं ६.० लिटरचं हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) आणि ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा भाग) यांच्यापायी इतकं बदनाम झालं की दोन्ही कंपन्या कोर्टात गेल्या. २०११ पासूनचं ६.७ फोर्डचं स्वतःचं आहे, त्याचा जुन्या पापाशी संबंध नाही. तिकडे 'कमिन्स आहे म्हणजे डोळे झाकून घ्या' हेही खरं नाही. २०१९ आणि २०२० च्या रॅममध्ये सीपी४ नावाचा हाय-प्रेशर इंधन पंप होता. तो आतून झिजला की धातूचा कीस थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो आणि अख्खी इंधन यंत्रणा बदलावी लागते. त्या गाड्या परत मागवून पंप बदलून द्यावे लागले. (फोर्डमध्ये २०११ पासून याच घराण्यातला पंप आहे, तेव्हा त्यांनीही हसू नये.) शिवाय धुराच्या चाचणीला चकवणाऱ्या सॉफ्टवेअरपायी कमिन्सने २०२३ च्या अखेरीस १६० कोटी डॉलरहून जास्त दंड मान्य केला. त्यात रॅम २५०० आणि तिच्याहून जास्त बोजा पेलणाऱ्या ३५०० चीच इंजिनं होती.

आता खरी मेख. लोक भांडतात ओढण्याच्या आकड्यावरून, आणि अडकतात पेलण्याच्या आकड्यावर. ओढणं म्हणजे मागचा ट्रेलर, पेलणं म्हणजे गाडीच्या स्वतःच्या पाठीवरचा भार; या दोन वेगळ्या गोष्टी. फोर्डच्या जाहिरातीतला ४०,००० पौंडांचा आकडा एफ-४५० चा आहे, तोही गूसनेक (मागच्या हौद्यात जोडला जाणारा ट्रेलर) लावून. सुपर ड्यूटीत एफ-२५०, ३५०, ४५० अशा चढत्या गाड्या आहेत. तुमच्या एफ-२५० ला तो लागू नाही.

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळी पट्टी असलेलं स्टिकर दिसेल: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. समजा तिथे २,२०० लिहिलंय. डिझेल क्रू कॅबला (चार दारांची गाडी) हा आकडा अजिबात जगावेगळा नाही. घरातली चार माणसं ६५० पौंड, फिफ्थ व्हीलची हिच, म्हणजे मागच्या हौद्यात बसणारी ट्रेलरची जोडणी, २०० पौंड. उरले १,३५०. मागे १४,००० पौंडांचा फिफ्थ व्हील कॅम्पर लावायचाय. अशा ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १५ ते २५ टक्के भार गाडीच्या पाठीवर येतो. २० टक्के धरा, झाले २,८०० पौंड. म्हणजे दुपटीहून जास्त. इंजिन ते ओढून नेईल, घाटही चढेल, पण मागचे पाटे (लीफ स्प्रिंग), टायर आणि ॲक्सल रोज हद्दीबाहेर काम करतील. इथे फोर्ड की रॅम हा प्रश्नच उरत नाही. एफ-३५० किंवा ३५०० घ्यायची, आणि ट्रेलर याहून जड असेल तर मागे चार चाकांची ड्युअली.

डिझेल स्वतःच जड असल्यामुळे पेट्रोलवाल्या २५०० चा स्टिकरवरचा आकडा बरेचदा जास्त असतो, हेही कोणी सांगत नाही. डिझेलसाठी दहा हजार डॉलरच्या आसपास जादा मोजायचे आणि पेलायची ताकद घालवायची! २५०० वरून ३५०० वर जायला त्यामानाने फार कमी पैसे पडतात. वर्षातून चारदा बोट ओढणारा आणि एरवी जवळच्या जवळ फिरणारा माणूस डिझेल घेतो तेव्हा मला त्याच्या डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, कीव येते. छोट्या फेऱ्यांत तो नीट तापत नाही आणि काजळीने भरतो. अशा माणसाला फोर्डचं ७.३ लिटरचं किंवा रॅमचं ६.४ लिटरचं 'हेमी' पेट्रोल इंजिन पुरे.

आकडा जुळला की मग ब्रँड. रॅम २५०० ला २०१४ पासून मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामी गाडी खड्ड्यांवर उडत नाही, हे सुख मोठं. पण बोजा पडला की ती मागून बसते आणि हेडलाइट आभाळाकडे बघू लागतात. फोर्डला पाटेच, त्यामुळे रिकामी असताना कडक. रॅम ३५०० लाही पाटे, म्हणजे तिथे हा फरक मिटतोच. फोर्डची बॉडी २०१७ पासून ॲल्युमिनियमची: लाल गंज नाही, पण ठोकली तर ॲल्युमिनियम जाणणारं गॅरेज शोधा. गिअरबॉक्स फोर्डचा २०२० पासून दहा गिअरचा. रॅमचं डिझेल २०२४ पर्यंत सहावर होतं, २०२५ ला आठावर आलं. मी स्वतः हलक्या ट्रेलरला रॅम २५०० आणि जड कामाला एफ-३५० घेईन, पण हे माझ्या पाठीच्या मणक्यांचं मत आहे.

स्टिकर बघायचं ते नेमक्या त्याच गाडीवर. डीलरच्या आवारात शेजारी उभ्या दोन एफ-२५० बाहेरून जुळ्या दिसतात. एकीला सनरूफ, इलेक्ट्रिक सीट आणि मोठी इंधन टाकी असते, आणि दाराच्या चौकटीवरचा आकडा तेवढ्यानेच काहीशे पौंडांनी खाली आलेला असतो.